अप्पांनी फोनवरून वाचलेलं लोखंड

थांबा, आधी हे ऐका. मला हे आत्ताच सांगायचंय, उद्यापर्यंत पोटात ठेवलं तर मी फुटेन. आत्ता अर्ध्या तासापूर्वी पीण्याहून, म्हणजे आमच्या बेंगळुरूच्या कारखान्यांच्या भागातून, घरी आले, चप्पल काढली आणि थेट लॅपटॉप उघडला. आई आतून विचारतेय, जेवणार आहेस की नाही, मी म्हटलं थांब ग जरा. टायपिंगच्या चुका असतील तर असू देत.

तर माझे अप्पा स्क्रेपिंग करतात. हे म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. मशीनचा जो सपाट भाग असतो, ज्याच्यावरून दुसरा भाग मागे-पुढे सरकतो, तो ग्राइंडिंग करून कितीही सपाट केला तरी शेवटचा केसाइतका फरक राहतोच. तो हाताने काढायचा. एका तपासलेल्या सपाट प्लेटला निळा रंग लावायचा, त्यावर हा भाग घासायचा. जिथे उंचवटा आहे तिथेच रंग लागतो. मग तेवढाच ठिपका स्क्रेपरने, म्हणजे लांब पटाशीसारख्या हत्याराने, खरवडून काढायचा. परत रंग, परत घासा, परत खरवडा. दिवसच्या दिवस. हत्याराचं मागचं टोक कमरेला लावून सगळ्या अंगाने ढकलायचं, म्हणून अप्पांच्या उजव्या कमरेवर एक घट्टा आहे, टाचेला पडतो ना तसला.

हे सगळं मला आत्ता माहितीये. दोन महिन्यांपूर्वी कोणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते, 'अप्पा ना, मशीनचं काहीतरी बघतात.' ऑफिसमध्ये तर मी एकदा 'कन्सल्टंट आहेत' असंही सांगून टाकलंय. हो, लाज वाटतेय, पण लिहायला बसलेय तर खरं लिहिते.

आम्ही मूळचे निपाणीकडचे, पण माझा जन्म बेंगळुरूचाच, घर बनशंकरीला. अप्पा रोज सकाळी डबा घेऊन मेट्रोने पीण्याला जातात. तिथे एका छोट्या वर्कशॉपमध्ये जुनी लेथ मशिनं येतात आणि दुरुस्त होऊन नव्यासारखी परत जातात. तर मी जपानला जायच्या आधी घरात एकच विषय चालू होता. अप्पांनी मालकाला सांगून टाकलं होतं, खांदा दुखतो, पुढच्या महिनाअखेरीला मी काम सोडणार. मालक म्हणाला, सोडा, पण जाण्याआधी कोणाला तरी शिकवून जा, नाहीतर आपल्याकडे हे काम येणारा माणूसच उरणार नाही. आता मुलं येतात, दोन दिवस खरवडतात आणि पळून जातात. मनापासून शिकायचं म्हणणारी एकच व्यक्ती होती, वर्कशॉपमधलीच फिटर. मुलगी. माझ्याच वयाची, येलहंकाची, आयटीआय केलेली, चार वर्षं तिथे ड्रिलिंग आणि जोडणीचं काम करणारी. तिने अप्पांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा नाही.

"शिकवा की हो तिला," आई जेवताना म्हणाली.

"पोरीचं काम नव्हे ते. कमरेची वाट लागते. उद्या लग्न झालं की तिची सासू मला शिव्या घालणार."

"म्हणजे तुमच्या कमरेपायी माझ्या सासूला मी तुमच्या मालकाला शिव्या घालायला पाठवायला हवं होतं. राहूनच गेलं."

"तू आमटी वाढ."

"मग काय, तुम्ही गेलात की संपलंच ना सगळं?"

"संपलं तर संपलं. खरवडणंच की ते. त्यात काय मोठं?"

आणि मी? मी मान खाली घालून जपानमध्ये व्हेज काय मिळतं ते शोधत होते.

आमची कंपनी कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते, आणि एका क्लायंटचा कारखाना जपानच्या एका लहानशा गावात आहे. तिथे टेस्टिंगसाठी मला दोन आठवडे पाठवलं. गाव म्हणजे किती लहान? स्टेशनवर एक माणूस, तो पण दुपारी गायब. पहिल्या रविवारी मी बसने जवळच्या मोठ्या शहरात जाणार होते, फिरायला, शॉपिंगला, आणि बस माझ्या डोळ्यांदेखत गेली. पुढची दोन तासांनी. रस्त्यापलीकडे एक जुनी लाकडी शाळा होती, दाराबाहेर पाटी. फोन पाटीवर धरला तर भाषांतर आलं, 'गावाच्या इतिहासाचं संग्रहालय'. म्हटलं चला, निदान आत वॉशरूम तरी असेल. खरंच, एवढाच विचार होता.

दारात बूट काढायचे आणि त्यांच्या सपाता घालायच्या. त्या माझ्या पायाला इतक्या मोठ्या की मी फरफटत चालत होते. आत टेबलाशी एक आजी. बारीक, ताठ, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, अंगावर एप्रन. मी आले म्हणून त्या उठूनच उभ्या राहिल्या. रजिस्टर पुढे केलं, त्यात मी 'इंडिया' लिहिलं, आणि त्यांनी ते वाचून तोंडावर हात ठेवला आणि काहीतरी लांबलचक बोलल्या. फोनमधून आवाज आला, "इतक्या लांबून आमच्याकडे? आज तर खोलीतला स्टोव्ह पण नीट पेटत नाहीये!" म्हणजे खोली गार आहे म्हणून माफी मागत होत्या. मला हसूच आलं.

पूर्ण म्युझियममध्ये मी एकटी. आणि काय काय ठेवलेलं! मला वाटलं होतं तलवारी, राजे वगैरे. छे. कोणाचा तरी पोचे पडलेला जेवणाचा डबा. एका मुलीचं दुसरीतलं वहीचं पान. गवताच्या चपला, तांदूळ पाखडायचं सूप, अगदी आपल्यासारखं. पावसाळी कोट, दगडी पाटा, न्हाव्याची खुर्ची. आणि प्रत्येकासमोर हाताने लिहिलेली चिठ्ठी. हा डबा अमक्याचा, तो रोज नदी ओलांडून कारखान्यात जायचा. हे सूप तमकीचं, तिने ते दोनदा विणून दुरुस्त केलं. मी फोन धरून एकेक चिठ्ठी वाचत होते आणि माझ्या अंगावर काटा यायला लागला. सूप दुरुस्त केलं म्हणून कोणी नाव लिहून ठेवतं? मी आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. मी कुजबुजत चालायला लागले, एकटी असून. देवळात आल्यासारखी.

शेवटच्या वर्गात गावातल्या बंद पडलेल्या छोट्या कारखान्यांच्या वस्तू होत्या. आणि तिथे, खिडकीखाली, टेबलावर, अप्पांचं हत्यार.

म्हणजे अप्पांचं नाही, पण तेच! लांब पट्टी, पुढे चपटं पातं, मागच्या टोकाला कापडाची जाड गादी शिवलेली. अप्पा पण अशीच गादी लावतात, आईच्या जुन्या परकराची. शेजारी ओतीव लोखंडाची एक जड प्लेट, पाटाएवढी, तिच्यावर बारीक बारीक खवल्यांसारख्या खुणा, उजेडात चमकणाऱ्या. आणि एक उघडी डबी, तिच्यात वाळलेला केशरी रंग. चिठ्ठी सांगत होती की ही प्लेट अमुक कारखान्याच्या मालकाने हाताने बनवली, गावातल्या सगळ्या मशिनांचा सपाटपणा तिच्यावर तपासायचे.

मी ओरडलेच. आजी धावत आल्या. मी प्लेटकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे, "माय फादर! माय फादर!" आणि कंबर पुढे ढकलून खरवडायची अ‍ॅक्टिंग केली. त्या सपाता घालून. आजींचे डोळे असे मोठे झाले. मी फोन दाखवून विचारलं, व्हिडिओ कॉल करू? त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन मोठा गोल केला. ओके!

आपल्याकडे रविवारची सकाळच चालू होती अजून. अप्पा बनियनवर सोफ्यात, हातात पेपर.

"अप्पा, हे बघा! म्युझियममध्ये तुमचं सामान!"

त्यांनी चष्मा वर केला, बघितलं, आणि पेपर परत उचलला. "बरोबर आहे. म्युझियममध्येच जायजोगे झालो आता आम्ही."

आई मागून म्हणाली, "जा की, घरात तरी जागा होईल."

मला इतकं वाईट वाटलं. मी दाखवायला गेले आनंदाने आणि झालं भलतंच. काहीतरी बोलायचं म्हणून मी कॅमेरा त्या डबीवर नेला. म्हटलं, यांचा रंग निळा नाहीये, बघा, केशरी आहे.

पेपर खाली आला. "जवळ ने. अगं, शेंदूर तो! आमचे उस्ताद शेंदूरच लावायचे, तेलात कालवून. मारुतीला लावतात तोच की. मग विषारी आहे म्हणून बंद केला आम्ही." आता ते सोफ्याच्या काठावर आले होते. "प्लेट दाखव. अशी नव्हे, चमकालीय नुसती. उजेड तिरका पाड."

मी आजींना खुणेने सांगितलं. त्या टॉर्च घेऊन आल्या आणि टेबलाच्या कडेला धरून उभ्या राहिल्या. तिरका उजेड पडला आणि ती प्लेट एकदम जिवंत झाली. हजारो खुणा, प्रत्येकीला सावली.

अप्पा बोलेनात. मला वाटलं नेट गेलं.

"अप्पा?"

"गप. बघालोय."

"काय बघताय?"

"दोघांनी केलंय हे."

"नाही हो, चिठ्ठीवर एकाच माणसाचं नाव आहे, मी वाचलं ना."

"चिठ्ठी राहू दे. डावीकडनं सावकाश उजवीकडं ये. थांब. इथं. हे बघ, इथपर्यंत घाव लांब आहे, खोल आहे, धिप्पाड माणूस असणार, कमरेत जोर. आणि इथनं पुढं घाव आखूड. सगळे एकसारखे. एक तरी घाव दुसऱ्याला चिकटलाय का सांग? नाही. हा दुसरा माणूस वेगळा." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि हा दुसरा वरचढ आहे. पहिल्यानं ताकदीनं केलंय. दुसऱ्यानं लोखंडाचं ऐकून केलंय. मला असा हात अजून जमला नाही. उस्तादांचा पण नव्हता असा."

माझे अप्पा. जे घरात कधी कोणाला 'बरं झालंय' पण म्हणत नाहीत. आमटीला सुद्धा.

मी ते सगळं टाइप केलं, भाषांतर करून आजींसमोर धरलं. त्यांनी चष्मा बदलून वाचलं. परत वाचलं. टॉर्च हळूच टेबलावर ठेवली. मला वाटलं मी काहीतरी चुकीचं लिहिलं, चिडल्या की काय. मग त्या फोनजवळ तोंड आणून बोलल्या, अगदी हळू, आणि फोनने ते वाचून दाखवलं.

"उजवी बाजू माझी आहे."

आजी त्या प्लेटवाल्या मालकाच्या बायको होत्या! नवरा खरवडायचा, त्या शेंदूर लावायच्या, बघता बघता हात बसला, आणि अर्धं काम त्या करायला लागल्या. गिऱ्हाईक आलं की स्क्रेपर ठेवून चहा करायला आत जायच्या. नवरा म्हणायचा, कोणाला काही कळणार नाही. आणि खरंच इतक्या वर्षांत कोणाला कळलं नव्हतं. मी विचारलं, मग ही चिठ्ठी कोणी लिहिली? त्या म्हणाल्या, मीच. नवऱ्याचं नाव लिहिलं, स्वतःचं लिहायचं सुचलंच नाही.

मी अप्पांना मराठीत सांगितलं. "अप्पा, तो दुसरा माणूस म्हणजे या आजी आहेत. या, टॉर्च धरलेल्या."

अप्पा उठून उभे राहिले. सोफ्यावरून, बनियनवर, ताठ. दोन्ही हात जोडले. आजी फोनसमोर कमरेत इतक्या वाकल्या की मला त्यांचा अंबाडाच दिसत होता. दोघंही बराच वेळ तसेच. मध्ये मी, फोन धरून.

मागून आईचा आवाज, "अहो, शर्ट तरी घाला!"

अप्पा हसले नाहीत. "त्यांना सांग," म्हणाले, आणि चष्मा काढून पुसायला लागले. "राहू दे. ठेवतो." आणि कॉल कट.

पुढची बस पण गेली, सांगायलाच नको. आजींनी मला प्लेटला हात लावू दिला. बोटांना काहीच कळत नाही, नुसतं गार. मग त्यांनी ती स्वच्छ पुसली, तळहाताने, शेवटची धूळ जावी म्हणून, आणि दुसरी एक छोटी प्लेट तिच्यावर ठेवून करंगळीने ढकलली. ती लोखंडी वीट अशी तरंगत गेली, कॅरम बोर्डवर पावडर टाकल्यावर सोंगटी जाते ना, तशी. आवाज नाही. मधे हवेचा पापुद्रा असतो म्हणे. माणसाने कमरेने ढकलून, ठिपका ठिपका काढून लोखंड इतकं सपाट केलं की दुसरं लोखंड त्यावर तरंगतंय! मी परत परत ढकलत बसले, लहान मुलीसारखी. सव्वीस वर्षं हे माझ्या घरातून रोज डबा घेऊन जात होतं आणि मला पत्ता नाही.

परत आले तर अप्पा त्या विषयावर चकार शब्द बोलेनात. मी विचारलं की "स्वल्प काम आहे", म्हणजे जरा काम आहे, म्हणून बाल्कनीत. सगळं आईकडून कळलं. त्या कॉलच्या दुसऱ्या दिवशी ते वर्कशॉपमध्ये जाऊन त्या फिटर मुलीसमोर उभे राहिले. "उद्यापासून शीक."

आणि ती म्हणाली, नको!

बरोबर आहे ना तिचं! तीनदा नाही म्हणालात, आता महिनाअखेरीला दहा दिवस राहिले तेव्हा शीक म्हणताय. "अण्णा, तुम्हीच सांगता, हात बसायला तीन वर्षं लागतात. दहा दिवसांत काय मी फक्त कंबर मोडून घेऊ? मग सगळे म्हणणार, बघा, पोरीला जमलं नाही." अप्पांनी म्हणे डबा खाली ठेवला. मग विचारलं, "मी थांबलो तर?" ती म्हणाली, "किती?" आमचे अप्पा, जे मालकाशी पण घासाघीस करत नाहीत, ते तिथे ड्रिल मशीनशेजारी उभे राहून तिच्याशी ठरवत बसले. शेवटी ठरलं की ती खरवडणार, ते खुर्चीत बसून बघणार, खांद्याला त्रास नाही, आणि ती म्हणेल तेव्हाच ते घरी बसणार. "सरी," ती म्हणाली, म्हणजे ठीक आहे, "मग येते."

आणि आज! आज मला सुट्टी होती, मी अप्पांबरोबर मेट्रोने पीण्याला गेले. पहिल्यांदा. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं काम बघायला. ती मुलगी एका लेथच्या बेडवर, म्हणजे त्या सपाट भागावर, वाकली होती, केस रुमालात बांधलेले, हातांना कोपरापर्यंत निळा रंग. अप्पा खुर्चीत बसणार होते म्हणे, पण बसत नाहीत, तिच्या मागे उभे. तीन दिवस ती तोच एक हातभर तुकडा करत होती आणि जवळजवळ झाला होता. आणि माझ्यासमोर पातं घसरलं. कर्रर्र. एक खोल ओरखडा.

सगळे थांबले. मला माहिती आहे अप्पा कसे ओरडतात, मी दहावीचं गणित त्यांच्याकडे शिकलेय. ती मान वर करेना. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

अप्पा वाकले, ओरखड्यावरून नख फिरवलं. "आता हे सगळंच इतकं खाली आणायचं," म्हणाले. "अख्खा बेड. नाहीतर इथं खड्डा राहील."

"अख्खा?" ती म्हणाली. "माझे तीन दिवस गेले, अण्णा."

"गेले."

तिने मान वर केली. मग रुमाल घट्ट केला, स्क्रेपर कमरेला लावला. अप्पांनी घाईघाईने निळ्या रंगाची डबी पुढे केली, तर तिने हात आडवा केला, "थांबा स्वल्प, आधी मला बघू दे." आणि ती गुडघ्यावर बसून, मान तिरकी करून, लोखंडाकडे बघत राहिली. बराच वेळ. आणि माझे अप्पा, डबी हातात धरून, तिचं बघून होईपर्यंत गप्प उभे राहिले. मालक आत येऊन काहीतरी विचारायला लागला तर अप्पांनी त्याला नुसतं बोटाने 'श्श' केलं. मालकाला!

मी तिथून निघाले आणि पूर्ण मेट्रोभर मला रडू येत होतं, वाईट वाटून नाही हं, नुसतंच. आणि एकच गोष्ट डोक्यात फिरतेय. हे बघायला मला घरापासून एका मेट्रोचं अंतर होतं, आणि मी जपानला जाऊन, बस चुकवून, सपाता फरफटत तिथे पोचले.

तुमचं झालंय का असं? घरातलंच कोणीतरी, रोज समोर जेवायला बसणारं, आणि ते काय करतं हे तुम्हाला भलत्याच कुठल्यातरी गावात, भलत्याच माणसाकडून कळलं? झालं असेल तर सांगा ना, प्लीज, सगळं सांगा, मोठं लिहिलंत तरी चालेल, मी जेवून येते आणि एकेक वाचते.